पॉलिमर क्ले : कला शिका, पण हाताची मजुरीही मांडा!

दागिना म्हटला की आधी सोन्याचा भाव आठवतो आणि कष्टकरी घरातली भगिनी दुकानाच्या काचेवरून नजर फिरवून पुढे चालू लागते. पण दागिना सोन्याचाच असावा असा काही नियम नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय आहे. तेथे सातवाहन काळातील भाजक्या मातीच्या मूर्ती आणि नाना तऱ्हेचे मणी पाहायला मिळतात. म्हणजे माती घडवून, भाजून तिच्यातून देखणी वस्तू करण्याची कला महाराष्ट्राला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. आज त्या कामासाठी एक नवी ‘माती’ बाजारात आली आहे. तिचे नाव पॉलिमर क्ले.

नवीन पनवेलच्या पश्चिमेला सिडकोने वसविलेली आमची खांदा कॉलनी. खांदेश्वर स्टेशनवरून सकाळची गाडी गाठणारे चाकरमाने आणि तळोज्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे कामगार यांची येथे मोठी वस्ती. घरी राहणाऱ्या भगिनी तरी कुठे रिकाम्या असतात? कुणी साडीला फॉल लावते, कुणी मणी ओवते, कुणी पाकिटे भरते. पैसे मिळतात डझनावर, तेही देणारा ठरवील तेवढे. अशा पंधरा भगिनींसाठी आम्ही काही कार्यकर्त्यांनी चार रविवार पॉलिमर क्लेचा वर्ग घेतला. शिकवायला या कामातली एक जाणकार ताई होती. आमच्या वाट्याला आले ते सामान आणणे आणि हिशेबाची वही लिहिणे. कारकुनी पेशाचा माणूस दुसरे काय करणार! पण त्या वहीनेच या वर्गाला एक वेगळे वळण दिले. ते सांगण्याआधी ही माती काय आहे, ते पाहू.

ही माती शेतातली नव्हे

नाव क्ले असले तरी हिच्यात शेतातली किंवा नदीकाठची माती नसते. पाण्याचे पाइप ज्या पीव्हीसी प्लॅस्टिकचे बनतात त्याचीच बारीक पूड, तिला मऊ ठेवणारे तेलासारखे द्रव्य आणि रंग यांचा हा गोळा. कुंभाराची माती वाऱ्यावर सुकते, ही सुकत नाही. नीट झाकून ठेवली तर महिनोन् महिने मऊ राहते आणि ठराविक उष्णता मिळाली की मगच घट्ट होते. त्यासाठी आव्याची धग लागत नाही. साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअस एवढ्यावर काम होते, म्हणूनच ती घरगुती विजेच्या भट्टीत भाजता येते.

हिचा जन्म जर्मनीतला. बाहुल्या बनविण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या केटे क्रूझे यांच्या कन्या सोफी रेबिंडर-क्रूझे यांनी प्लॅस्टिकच्या अशा लगद्यावर प्रयोग केले. घरात त्यांना ‘फिफी’ म्हणत. त्या नावावरून पुढे ‘फिमो’ हे नाव रूढ झाले आणि १९६०च्या दशकात एका पेन्सिल कंपनीने ती माती बाजारात आणली. त्याच सुमारास अमेरिकेत ‘स्कल्पी’ निघाली. ती मुळात विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या कामासाठी तयार केली होती. त्या कामाला ती उपयोगी पडली नाही, पण हातकामाला पडली.

पुढचा इतिहास आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. या मातीची तंत्रे कुठल्या मोठ्या कलाशाळेत जन्मली नाहीत. हौशी बायका-माणसे मंडळे करून एकत्र बसली, एकीने शोधलेली युक्ती दुसरीने उचलली आणि तिसरीने सुधारली. दोन रंग एकमेकांत हळूहळू विरघळत नेण्याची जी युक्ती आज जगभर वापरतात, ती अमेरिकेतील ज्युडिथ स्किनर या बाईंच्या नावाने ओळखली जाते. ज्ञान झाकून न ठेवता वाटल्यामुळेच ही कला वाढली.

आपल्याकडे याच्या उलट घडले. माती कुंभाराची, चामडे चर्मकाराचे, टोपली बुरुडाची. कोणाच्या हाताने काय करायचे हे जन्मानेच ठरलेले. कामाच्या वाटणीच्या नावाखाली माणसांचीच वाटणी झाली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले. या नव्या मातीला कुणी बलुतेदार नाही. जिला बोटे चालवायची इच्छा, तिची ती.

सामान काय लागते?

पांढरा, काळा, लाल, पिवळा आणि निळा एवढे रंग घेतले तरी काम सुरू होते. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा, लालात पिवळा मिसळला की केशरी. पंचरंगी धम्मध्वजाचे पाचही रंग यातून निघतात. चांगल्या कंपनीची वडी साधारण ५७ ग्रॅमची असते.

काम करायला एक चकचकीत टाइल, लाटायला गुळगुळीत काचेची बाटली किंवा स्टीलचा पाइपाचा तुकडा, कापायला धारदार लांब ब्लेड, भोके पाडायला सुई आणि घासायला पॉलिश पेपर. एवढे पुरे. शेवया-पास्ता करण्याचे हाताचे यंत्र असले तर लाटण्याचे काम झटपट होते, पण पहिल्या दिवशीच त्यावर पैसे घालू नयेत.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. घरातले पोळपाट-लाटणे, सुरी, ताट यांपैकी जे या मातीला लागले ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. मऊ ठेवणारे द्रव्य त्याला चिकटते. काम संपल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत आणि मगच कणकेला हात लावावा. या मातीची वाटी, कप, चमचा करून त्यात खाऊ-पिऊ नये.

ज्या हातांना अळूवडी येते...

पहिल्या रविवारी बऱ्याच जणी बिचकत होत्या. “आम्हाला चित्र काढता येत नाही,” हे पहिले वाक्य. पण शिकविणाऱ्या ताईने चित्र काढायला लावलेच नाही. वडीचे तुकडे हातात दिले आणि म्हणाली, “कणीक मळता ना? तशी मळा.”

पाकिटातून काढलेली माती थोडी कडक असते. हाताच्या उबेने ती पाच-दहा मिनिटे मळली की लवचीक होते. न मळता घेतली तर काठ चिरतात आणि भाजल्यावर वस्तू ठिसूळ राहते. फिक्या रंगापासून सुरुवात करावी आणि गडद रंग शेवटी घ्यावा, नाहीतर पांढऱ्यावर काळ्याचे डाग पडतात. कुंकवाचे, हळदीचे बोटही पांढरी माती लगेच दाखविते.

त्यानंतरचे तंत्र म्हणजे या कलेचा गाभा. इंग्रजीत त्याला ‘केन’ म्हणतात. आपल्या भगिनींनी त्याला सरळ ‘उंडा’ असे नाव दिले. अळूवडीचा उंडा बाहेरून साधा दिसतो, पण कापला की प्रत्येक वडीत तेच वेटोळे उमटते. अगदी तसेच येथे होते. दोन रंगांच्या पातळ पोळ्या लाटायच्या, एकावर एक ठेवायच्या, घट्ट गुंडाळायच्या आणि काप करायचे. प्रत्येक कापावर तीच नक्षी! इटलीत काचेच्या मण्यांसाठी ही युक्ती शेकडो वर्षे वापरली जाते. आपल्या स्वयंपाकघरात ती कधीपासून आहे, कोण जाणे.

तिसऱ्या रविवारी वर्गाने आठ आऱ्यांचे चक्र केले. कृती अशी : निळ्या मातीचा जाड, गोल दांडा घ्यावा. तो उभा धरून वरून खालपर्यंत मधोमध कापावा, मग तसेच आणखी तीन छेद मधूनच द्यावेत. आठ सारख्या फाका होतात. पांढऱ्या मातीची पातळ पोळी लाटून प्रत्येक फाकेच्या एकाच बाजूला एक पट्टी चिकटवावी. आठही फाका पुन्हा गोल जुळवाव्यात आणि बाहेरून पांढरी पोळी गुंडाळावी. आता हा उंडा मधून काठाकडे हलके दाबत, फिरवत लांबवायचा. तो बारीक होत जातो, तसतशी आतली नक्षीही त्याच प्रमाणात बारीक होते. हाताच्या तळव्याएवढे चक्र नखाएवढे होते, पण आऱ्या आठच्या आठ! टोकाचा थोडा भाग वेडावाकडा येतो, तो कापून बाजूला ठेवावा. उंडा काही वेळ थंड होऊ द्यावा आणि मग काप करावेत. गरम हाताने लगेच कापला तर गोल काप चेपटतो.

पहिला काप उचलला तेव्हा वर्गातली सर्वांत वयस्कर मावशी बराच वेळ तो उलटसुलट करून पाहत राहिली. “हे मी केलं?” एवढेच ती म्हणाली.

उरलेले रंगीत तुकडे टाकून देऊ नयेत. ते एकत्र मळून मण्याच्या आतला गाभा करता येतो. मोठ्या मण्याच्या पोटात अ‍ॅल्युमिनियम फॉइलची घट्ट गोळी घातली की माती वाचते आणि कानातलेही हलके होते. मण्याचे भोक भाजण्याआधीच सुईने पाडून घ्यावे.

भाजताना हयगय नको

या कामात जोखीम असेल तर ती भाजण्यात. म्हणून हा भाग प्रत्येक भगिनीने लक्षपूर्वक वाचावा.

तपमान आणि वेळ पाकिटावर छापलेली असते, तीच प्रमाण मानावी. काही माती ११० अंशाला अर्धा तास मागते, काही १३० अंशाला दर ६ मिलिमीटर जाडीमागे १५ मिनिटे. विजेच्या भट्टीचा, म्हणजे ओटीजीचा, काटा नेहमी खरे सांगतो असे नाही. आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर मिळतो, तो जरूर घ्यावा. भट्टी आधी तापू द्यावी, वस्तू टाइलवर कोऱ्या कागदावर ठेवाव्यात आणि वरून फॉइलचे सैल झाकण घालावे, म्हणजे फिका रंग करपत नाही. मायक्रोवेव्हमध्ये, गॅसवरच्या तव्यावर किंवा तंदूरमध्ये ही माती भाजू नये. तेथे उष्णतेवर ताबा राहत नाही.

उष्णता फार वाढली तर पीव्हीसी जळते आणि हायड्रोजन क्लोराइड नावाचा झोंबरा वायू निघतो. डोळे, नाक, घसा यांना तो त्रास देतो. माती काळी पडून तिखट वास आला तर भट्टी बंद करावी, खिडक्या-दारे उघडावीत, मुलांना घेऊन बाहेर यावे आणि वास जाईपर्यंत आत जाऊ नये. एका खोलीच्या घरात, जेथे बाळ झोपलेले असते, तेथे हे काम करूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. हॉलसारख्या हवेशीर जागी सर्वांनी मिळून भाजणे सर्वांत चांगले.

कमी भाजणे हाही दोषच आहे. पहिल्या खेपेला एका ताईची पाने हातात घेताच मोडली. वरून कडक लागली म्हणून ती वेळेआधी बाहेर काढली होती. नीट भाजलेला पातळ तुकडा थंड झाल्यावर किंचित वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. म्हणून प्रत्येक खेपेला एक पातळ पट्टी सोबत भाजावी आणि तीच वाकवून पाहावी. विकायच्या मालाची परीक्षा गिऱ्हाइकाच्या कानावर होऊ नये!

घासताना पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावे, म्हणजे धूळ नाकात जात नाही. माती विकत घेताना नाव-गाव नसलेली स्वस्त पाकिटे टाळावीत. पूर्वी या मातीत थॅलेट नावाची द्रव्ये सर्रास असत. लहान मुलांच्या वस्तूंत ती नकोत म्हणून युरोप-अमेरिकेत कायदे झाले आणि मोठ्या कंपन्यांनी ती वगळली. पाकिटावर ‘थॅलेटविरहित’ असा उल्लेख आहे का, हे दुकानदाराला विचारून घ्यावे.

वहीतला नवा रकाना

चौथ्या रविवारी विक्रीचा विषय निघाला. एका कानातल्याच्या जोडीला किती घ्यावेत? “ऐंशी रुपये,” बहुतेकींनी सांगितले. आम्ही वही उघडली. खालचे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. आपापल्या बाजाराप्रमाणे ते बदलून घ्यावेत, रीत मात्र हीच ठेवावी.

समजा ५७ ग्रॅमची वडी २८५ रुपयांना पडली. म्हणजे ग्रॅमला ५ रुपये. एका जोडीला ६ ग्रॅम लागली तर माती ३० रुपयांची. वाया जाणाऱ्या मातीचे ३ रुपये. हुक आणि कड्या ८ रुपये. चिकटद्रव व वॉर्निश ३ रुपये. पुठ्ठ्याचे कार्ड आणि पिशवी १० रुपये. भट्टी ६,००० रुपयांची घेतली आणि ती १,२०० जोड्यांवर वाटली तर जोडीमागे ५ रुपये. दीड हजार वॅटची भट्टी तासभर सतत चालली तरी दीड युनिट वीज; एका खेपेला २० जोड्या भाजल्या तर जोडीमागे विजेचा १ रुपया पुरे. बेरीज झाली ६० रुपये.

“म्हणजे ऐंशीला विकले की वीस रुपये नफा!” सगळ्या खूश झाल्या.

आम्ही विचारले, “एक जोडी करायला वेळ किती लागला?” घड्याळ लावून पाहिले होते. मळण्यापासून कार्डावर लावेपर्यंत जोडीमागे ४० मिनिटे.

“पण दादा, तो वेळ कशाला धरायचा? दुपारी आम्ही घरीच तर असतो!”

भगिनींनो, सगळा घोटाळा या एका वाक्यात आहे. डझनावर पैसे देणारा मुकादम याच वाक्यावर जगतो. घरातल्या बाईचा वेळ फुकट, हे तो जाणतो, कारण ती स्वतःच तसे म्हणते. नवरा कारखान्यात आठ तास उभा राहतो त्याची मजुरी होते, मग बाई चाळीस मिनिटे वाकून बसते त्याची का होऊ नये?

म्हणून वहीत एक नवा रकाना आखला : मजुरी. समजा तासाला ६० रुपये धरले, तर ४० मिनिटांचे ४० रुपये. आता जोडीचा खरा खर्च १०० रुपये. ऐंशीला विकणे म्हणजे नफा नव्हे. मजुरीतले निम्मे, २० रुपये, गिऱ्हाइकाला दान देणे होय. स्वतः स्टॉल लावून १२० ला विकली तर सामानाचे ६०, मजुरीचे ४० आणि गटाच्या पेटीत २० रुपये. दुकानात ठेवायची आणि दुकानदार ३० टक्के कमिशन घेत असेल, तर १२० ला परवडत नाही, कारण हातात ८४ च येतात. तेथे १५० लावले तर दुकानदाराचे ४५ जाऊन १०५ उरतात. सामान आणि मजुरी निघून ५ रुपये शिल्लक.

“एवढ्याला कोण घेईल?” हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी मजुरी कापू नये, वेळ कमी करावा. येथे उंडा कामाला येतो. एकेक फूल हाताने जोडत बसण्यापेक्षा एक चांगला उंडा करून त्याचे वीस काप घेतले तर जोडीला ४० ऐवजी २५ मिनिटे लागतात. मजुरी २५ रुपये, खर्च ८५ रुपये, आणि ताशी दर तोच. तंत्र शिकायचे ते यासाठी. तरीही बाजार तो भाव देत नसेल, तर ती वस्तू विक्रीसाठी करू नये. हौस म्हणून खुशाल करावी. हौस वेगळी आणि धंदा वेगळा, हे वही सांगते.

हे काही आमच्या डोक्यातून निघालेले नवे शास्त्र नव्हे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच आजची लिज्जत. तेथे लाटणारी बहीण नोकर नसते, संस्थेची भागीदार असते आणि लाटण्याची मजुरी तिला मिळतेच. पापड घरी लाटला म्हणून तो फुकट लाटला असे तेथे कुणी म्हणत नाही.

भट्टी एकीची नको, गटाची हवी

सहा हजारांची भट्टी प्रत्येकीने घेणे हे वेडेपण ठरेल. पंधरा जणींनी ४०० रुपयांप्रमाणे काढले की ती उभी राहते. थर्मामीटर, ब्लेड, यंत्र यांचेही तसेच. भाजण्याचा दिवस ठरवावा, एकीने घड्याळ सांभाळावे, एकीने वही.

वर्गाची फी मागणाऱ्या खाजगी जाहिराती पुष्कळ असतात. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : सामान फीमध्ये आहे का? भाजणे प्रत्यक्ष शिकविणार का? आणि ‘घरबसल्या माल परत घेऊ’ असे सांगत असतील तर कोणत्या भावाने, हे लिहून देणार का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आले नाही तर पाय मागे घ्यावा.

सरकारी वाटाही पाहाव्यात. कामगारांना कामाच्या वेळा सांभाळून शिकता यावे म्हणून १९६७ साली मुंबईत वरळीला देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. त्याच योजनेचे पुढे ‘जन शिक्षण संस्थान’ असे नामकरण झाले. ज्यांची शाळा सुटली अशांसाठी तेथे हातकामाचे वर्ग चालतात. बचत गटांना १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाकडे, म्हणजे ‘माविम’कडे, चौकशी करता येते. २०२३ साली आलेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेत मात्र १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. कुंभार, मूर्तिकार, खेळणी करणारे त्यात येतात, पॉलिमर क्ले हे नाव त्यात नाही. कोणी एजंट तसे सांगून पैसे मागू लागला तर त्याला बळी पडू नये.

विक्रीसाठी आपल्या समाजाचे स्वतःचे मोठे मेळे आहेत. १४ एप्रिलची जयंती, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी. तेथे पुस्तकांच्या स्टॉलशेजारी बोधिवृक्षाचे पान, कमळ, आठ आऱ्यांचे चक्र असे साधे, सुबक पदक नक्कीच शोभेल. एक विनंती : हात बसल्याशिवाय बुद्धांची किंवा बाबासाहेबांची मुद्रा किचेनवर करू नये. ती मुद्रा ओळखू येईल आणि तिचा मान राहील, एवढी तयारी झाली की मग करावी. पानापासून सुरुवात करायला हरकत नाही.

खांदा कॉलनीच्या पंधराजणींपैकी नऊजणींनी गट पुढे चालवायचे ठरविले आहे. बाकीच्यांनी मुलींसाठी, स्वतःसाठी दागिने केले. तेही वाया गेले असे आम्ही मानत नाही. त्या नऊजणींची वही आता त्यांच्यातलीच एक दहावी झालेली सूनबाई लिहिते. पहिल्या पानावर तिने रकाने आखले आहेत : तारीख, माती, सामान, वेळ, मजुरी, विक्री. आपल्या वस्तीत कसलाही वर्ग सुरू करा, क्लेचा, शिवणाचा, मेणबत्तीचा. पहिल्या दिवशी सामानाबरोबर एक वही जरूर आणा आणि मजुरीचा रकाना आखल्याशिवाय दुसरे पान उलटू नका.